लढाऊ जहाजाची ऑप्स रूम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी युद्धनौका नौदलात दाखल झाली की वर्तमानपत्रांत तिची लांबी, वजन, वेग आणि क्षेपणास्त्रं यांची यादी छापून येते. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सूरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ एकाच दिवशी दाखल झाल्या, तेव्हाही तेच झालं. जहाज ज्या खोलीतून लढतं, तिच्यावर मात्र ओळभर मजकूर नसतो. शाळांत आणि वाचनालयांत या विषयावर बोलायला गेलं की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. यात गुपित काही नाही. जाहीर झालेले चौकशी अहवाल, जुन्या लढाया आणि बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र एवढ्यावरच सगळं उभं आहे.

ऑप्स रूम म्हणजे नक्की काय?

जहाजाला कळलेली प्रत्येक गोष्ट जिथे येऊन पडते ती खोली. रडारला काय दिसलं, सोनारला (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला) काय ऐकू आलं, दूरच्या एखाद्या रडारच्या लहरी कुठून येताहेत, हेलिकॉप्टरने काय कळवलं, सोबतच्या जहाजांना काय दिसतंय, ब्रिजवरच्या टेहळ्याने दुर्बिणीतून काय पाहिलं, हे सगळं इथे जुळवलं जातं. त्यातून समुद्रावर, समुद्राखाली आणि आकाशात या क्षणी काय चाललंय याचं एकच चित्र तयार करायचं, हे या खोलीचं काम. क्षेपणास्त्र सोडण्याचा हुकूमही इथूनच जातो, पण तो या कामाचा अगदी शेवटचा आणि क्वचित येणारा भाग. बाकी सगळा वेळ चित्र दुरुस्त करण्यात जातो.

आपल्या नौदलात, ब्रिटिश वळणाप्रमाणे, हिला ऑपरेशन्स रूम म्हणतात. अमेरिकन जहाजांवर तिचं नाव कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर.

मग ब्रिज कशासाठी?

जहाज चालवण्यासाठी. ब्रिजला मोठ्या काचा असतात, तिथे पाळीवरचा अधिकारी उभा असतो, सुकाणूचे हुकूम तिथून सुटतात, आणि समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाला धडक बसू नये याची जबाबदारी त्याची. शांततेत कप्तान बहुधा ब्रिजवर दिसतो. ‘ॲक्शन स्टेशन्स’ची, म्हणजे सगळ्यांनी लढाईच्या जागा घेण्याची, घोषणा झाली की आधुनिक जहाजावर त्याची जागा बहुतेक वेळा खाली, ऑप्स रूममध्ये असते. शत्रू डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी पडद्यावर दिसतो, म्हणून ही अदलाबदल झाली.

आत इतका अंधार का? खिडकी का नाही?

पडदे नीट दिसावेत म्हणून अंधार. खिडकीचा तिथे काही उपयोग नाही. थंडी मात्र जबरदस्त असते, कारण यंत्रं तापतात आणि वातानुकूलन मुख्यतः त्यांच्यासाठी असतं. मुंबईच्या मे महिन्यातही आत स्वेटर घालून बसावं लागतं असं खलाशी सांगतात.

सिनेमात दाखवतात तसे सगळे ओरडत असतात का?

नाही. चांगल्या ऑप्स रूममध्ये कुणी आवाज चढवत नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर हेडसेट असतो, आणि बऱ्याच जागांवर एका कानात आतली ओळ तर दुसऱ्या कानात बाहेरची ओळ चालू असते. दोन्ही ऐकत तिसऱ्याशी बोलायचं. वाक्यं छोटी, ठरलेल्या क्रमाची आणि सपाट आवाजातली. हुकूम मिळाला की तो तसाच परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात गफलत झाली असेल तर तिथेच पकडली जाते. कुणी भावनेच्या भरात बोलायला लागलं की समजावं, चित्र बिघडायला सुरुवात झाली.

ही कल्पना कधी आली?

दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही बऱ्याच नुकसानीनंतर. रडार जहाजांवर आलं, पण त्याचं ऐकायचं कुणी हे ठरलेलं नव्हतं. रडारचा पडदा एका कोपऱ्यात, नकाशा दुसऱ्या खोलीत आणि कप्तान उघड्या ब्रिजवर.

१३ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटेच्या अंधारात ग्वाडलकनाल बेटाजवळ अमेरिकन आणि जपानी ताफे अक्षरशः एकमेकांत घुसले. अमेरिकन सेनापतीच्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ या जहाजावर त्या वेळचं सर्वांत नवं रडार नव्हतं. ते ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजांवर होतं. त्यामुळे ज्याने निर्णय घ्यायचा त्यालाच सगळ्यात कमी दिसत होतं. त्याच लढाईत ‘फ्लेचर’ नावाची विनाशिका होती. तिचे दुय्यम अधिकारी जोसेफ वायली ब्रिज सोडून नकाशाच्या खोलीत रडारजवळ उभे राहिले आणि तिथून कप्तानाला, तोफांना व पाणतीरांच्या चमूला काय कुठे आहे ते सांगत राहिले. ताफ्याची दाणादाण उडाली, ‘फ्लेचर’ला ओरखडाही आला नाही. १९४२ च्या अखेरीस अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी पॅसिफिकमधल्या लढाऊ जहाजांवर असं माहिती केंद्र उभं करण्याचे आदेश दिले, आणि पुढच्या वर्षी विनाशिकांसाठी त्याची जी हस्तपुस्तिका निघाली ती लिहिणाऱ्यांत वायलीही होते.

त्या काळात मध्यभागी पारदर्शक फळा असायचा. खलाशी फळ्याच्या मागे उभा राहून मेणाच्या पेन्सिलने उलटी अक्षरं लिहायचा, म्हणजे समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना ती सुलट दिसत आणि त्यांच्या दृष्टीआड कुणी येत नसे. हे उलटं लिहिणं एक स्वतंत्र कसब होतं. १९६० च्या दशकात संगणक आले, एका जहाजाचं चित्र दुसऱ्या जहाजावर आपोआप पोहोचायला लागलं, आणि फळा हळूहळू भिंतीकडे सरकला.

आपल्या जहाजांवर ही यंत्रणा कुणाची असते?

या यंत्रणेला कॉम्बॅट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. ‘कोलकाता’ वर्गाच्या विनाशिकांवर (पहिली २०१४ मध्ये मुंबईतच दाखल झाली) ती भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि नौदलाची स्वतःची वेसी ही संस्था यांनी मिळून घडवलेली आहे. त्यानंतरच्या ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या चारही विनाशिका माझगावच्याच: १६३ मीटर लांब, ७,४०० टनांच्या. त्यांच्या मास्टवर चार बाजूंना चार सपाट पाट्या दिसतात. ते इस्रायली बनावटीचं एमएफ-स्टार रडार. ते फिरत नाही; चारही दिशांना एकाच वेळी बघतं. जहाज बांधणाऱ्या कामगारांचं कौतुक होतं ते योग्यच, पण या यंत्रणेच्या लाखो ओळींच्या संगणक प्रणालीला पोस्टरवर जागा मिळत नाही, याची थोडी खंत वाटते.

‘ट्रॅक’ म्हणजे काय?

पडद्यावर दिसलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली तिची दिशा, वेग, विमान असेल तर उंची, आणि ती आपल्या सर्वांत जवळ कधी व किती अंतरावर येणार, हे सगळं नोंदलं जातं. मग ओळख: आपला, परका, शत्रू की अजून न ठरलेला. प्रचलित पद्धतीत आपल्यांसाठी गोल, शत्रूसाठी शंकरपाळ्याचा आकार आणि अनोळखीसाठी चौकोन वापरतात. आकाराचा वरचा अर्धा भाग दाखवला असेल तर ती वस्तू आकाशात, खालचा अर्धा असेल तर पाण्याखाली.

खोलीतली सगळी बोलाचाली या क्रमांकांवर चालते. कुणी ‘ते डावीकडचं विमान’ असं म्हणत नाही. म्हणून क्रमांक चुकला किंवा बदलला तर केवढा अनर्थ होऊ शकतो, ते खाली येईलच.

क्षेपणास्त्र येत असेल तर किती वेळ हातात असतो?

हे आकड्यांतच पाहावं लागतं. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारला क्षितिजापलीकडचं खालचं काही दिसत नाही. किती अंतरापर्यंत दिसेल याचा सोपा हिशेब असा: अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ अधिक लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ (दोन्ही मीटरमध्ये), या बेरजेला ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. १०,००० मीटरवरून उडणारं विमान २५ मीटर उंचीच्या अँटेनाला ४०० किलोमीटरच्या पलीकडूनही दिसू शकतं. पण पाण्याला लगटून, ५ मीटर उंचीवरून येणारं क्षेपणास्त्र जेमतेम ३० किलोमीटरवर आल्यावर पहिल्यांदा दिसतं. सीएसएमटीपासून ठाणंसुद्धा रेल्वेने यापेक्षा लांब पडतं.

ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाचं क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास येतं. म्हणजे १०० सेकंद. ब्रह्मोससारखं, ध्वनीच्या २.८ पट वेगाचं असेल तर साधारण अर्धं मिनिट. आणि ही सगळी सेकंदं विचार करायला मिळत नाहीत. पडद्यावर उमटलेला ठिपका लाट नाही, पक्ष्यांचा थवा नाही, याची खात्री करण्यात काही जातात. कोणतं अस्त्र वापरायचं ते ठरवण्यात काही. आपलं क्षेपणास्त्र तिथवर पोहोचण्यात उरलेली. पहिला वार चुकला तर दुसऱ्याला वेळ राहायला हवा, तो वेगळाच.

एवढ्या वेळात कप्तानाची परवानगी मागत बसणं परवडत नाही. म्हणून बरेच निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात: अमुक दिशेने, अमुक वेगाने, अमुक प्रकारच्या रडार लहरी सोडत काही आलं तर हे करायचं, मी ‘थांबा’ म्हटलं नाही तर पुढे जायचं. कप्तान खुर्चीत गप्प बसलेला दिसतो तेव्हा तो काहीच करत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो न थांबवण्याचा निर्णय घेत असतो.

सगळं संगणकच करतो, तर माणसं कशाला?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते उत्तराला जागा द्यावी असाही हाच. दोन घटना सांगतो. दोन्हींचे चौकशी अहवाल जाहीर आहेत.

४ मे १९८२, फॉकलंडचं युद्ध. ब्रिटिश विनाशिका ‘शेफिल्ड’वर अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं आणि २० जण मेले. शेजारच्या ‘ग्लासगो’ने विमानांचं रडार टिपलं होतं आणि इशाराही दिला होता. पण ‘शेफिल्ड’ त्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवत होती, आणि त्या प्रक्षेपणामुळे शत्रूचं रडार टिपणारं तिचं स्वतःचं यंत्र बहिरं झालं होतं. हवाई संरक्षणाचा अधिकारी ऑप्स रूमबाहेर होता, त्याचा सहायकही काही वेळासाठी उठून गेला होता. क्षेपणास्त्र येताना दिसलं तरी कप्तानाला बोलावलं गेलं नाही, ॲक्शन स्टेशन्सची घोषणा झाली नाही, क्षेपणास्त्राच्या रडारला चकवणारे धातूच्या कणांचे फसवे ढग सोडले गेले नाहीत. ब्रिटनने हा अहवाल पूर्णपणे खुला करायला २०१७ साल उजाडलं. यंत्रं बंद पडली नव्हती. खोलीला धोका खराच वाटत नव्हता.

दुसरी घटना नेमकी उलटी. ३ जुलै १९८८, पर्शियन आखात. अमेरिकन क्रूझर ‘व्हिन्सेन्स’वर रडार आणि क्षेपणास्त्रं एकत्र जोडणारी, तेव्हाची जगातली सर्वांत प्रगत एजिस यंत्रणा होती. पृष्ठभागावर इराणी नौकांशी चकमक चालू असतानाच बंदर अब्बासहून एक विमान उडालं. ते दुबईला निघालेलं इराण एअरचं प्रवासी विमान होतं, आपल्या नेहमीच्या हवाई मार्गावर, वर चढत असलेलं. खोलीत मात्र ते लढाऊ विमान ठरलं, खाली झेपावत येणारं. उड्डाणानंतर सुमारे सात मिनिटांनी ते पाडलं गेलं. २९० माणसं गेली, त्यांत १० भारतीय होते.

नंतर यंत्रणेच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की संगणकाने पूर्ण वेळ विमान चढतंय असंच नोंदवलं होतं. मग ‘उतरतंय’ हे आलं कुठून? मोठ्या पडद्यावर उंचीतला बदल दिसत नव्हता. छोट्या आकड्यांवरून तो मनात काढावा लागे. शिवाय नंतरच्या विश्लेषणांत आणखी एक गोष्ट पुढे आली: त्या विमानाला आधी ४४७४ हा ट्रॅक क्रमांक होता, तो बदलून ४१३१ झाला, आणि सुटलेला ४४७४ दूरवरच्या एका अमेरिकन विमानाला मिळाला, जे खरोखरच उतरत होतं. कप्तान जुन्याच क्रमांकाची चौकशी करत होता. त्याला त्याच क्रमांकाचं खरं उत्तर मिळालं.

जवळच असलेल्या ‘साइड्स’ या अमेरिकन जहाजावर, यापेक्षा साध्या यंत्रांनिशी, ते विमान धोकादायक नाही असा निष्कर्ष निघाला होता.

एका खोलीने हल्ला नाही असं धरलं, दुसरीने हल्लाच आहे असं धरलं. पडद्याकडे पाहून ‘हे जुळत नाहीये’ असं म्हणणारं, आणि म्हटल्यावर ज्याचं ऐकलं जाईल असं माणूस दोन्हीकडे नव्हतं. माणसं त्यासाठी लागतात. ‘व्हिन्सेन्स’नंतर अमेरिकन नौदलाने ताणाखालच्या निर्णयांवर मोठं संशोधन हाती घेतलं, आणि त्यातून प्रशिक्षण आणि पडद्यांची मांडणी अशी दोन्ही बदलली.

पाणबुडीचं काय? ती तर रडारला दिसत नाही.

तिथे सोनार, आणि सोनारचं दुखणं वेगळं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, पण सरळ जात नाही. पाण्याचं तापमान खोलीनुसार बदलतं तसा तो वाकतो. अरबी समुद्रात वरचा थर कोमट आणि खालचं पाणी थंड असलं की ध्वनी खाली वळतो आणि काही भाग सावलीत राहतो. पाणबुडी त्या सावलीत निवांत बसू शकते. दिवसभर ऊन खाल्लेल्या पाण्यात दुपारनंतर सोनारची नजर कमी होते, हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. म्हणून आजही जहाजावरून पाण्याचं तापमान वेगवेगळ्या खोलीवर मोजलं जातं आणि ते ऑप्स रूमला कळवलं जातं.

मुंबईकरांना हे सांगायला परकं उदाहरण लागत नाही. ८ डिसेंबर १९७१ ला ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या दोन फ्रिगेट इथूनच पाणबुडीच्या शोधात निघाल्या. दुसऱ्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले. ‘हंगोर’ नवी फ्रेंच बनावटीची होती, तिला शोधणाऱ्या फ्रिगेटवरची सोनार आधीच्या पिढीची. शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, लिहायलाच हवं. पण समोरच्याला तुम्ही आधी ऐकू येत असाल तर ऑप्स रूममधलं सर्वोत्तम माणूसही एका मर्यादेपलीकडे काही करू शकत नाही, हेही बोललं गेलं पाहिजे.

वीज गेली किंवा संगणक बसला तर?

तर कागद, पट्टी, पेन्सिल आणि तोंडी गणित. नाविकांत एक जुना हिशेब आहे: नॉटमधला (ताशी सागरी मैलांतला) वेग म्हणजेच तीन मिनिटांत कापलेलं अंतर, शेकडा यार्डांत. २० नॉटवर चाललेलं जहाज तीन मिनिटांत २,००० यार्ड जातं. हे डोक्यात पक्कं असेल तर पडदा काळा झाला तरी शेवटच्या नोंदीवरून चित्र पुढे नेता येतं.

मुंबईत ही खोली पाहायला मिळेल का?

चालू जहाजावरची, नाही. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास काही जहाजं विद्यार्थ्यांना आणि लोकांना दाखवली जातात. डेक, तोफा, कधी ब्रिजही पाहायला मिळतो, पण ऑप्स रूमचं दार बंद असतं. जुनी ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ती २०१४ मध्ये भंगारात गेली. ज्या शहरात इतकी जहाजं बांधली जातात, तिथे आज आत शिरून पाहता येईल अशी एकही मोठी जुनी युद्धनौका नाही.

किनाऱ्यावर अशी खोली असते का?

असते. २६/११ ला हल्लेखोर समुद्रातूनच आले, आणि समुद्रात कोण फिरतंय याचं एकत्र चित्र कुणाकडेच नव्हतं हे उघडं पडलं. त्यानंतर मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर इथे नौदल, तटरक्षक दल आणि राज्यांच्या यंत्रणा यांची संयुक्त केंद्रं उभी राहिली, आणि २०१४ मध्ये किनाऱ्यावरची सगळी रडारं व नोंदी जोडणारं केंद्र गुरुग्रामला सुरू झालं. काम तेच. जहाजावर प्रश्न ‘हा माझ्यावर हल्ला करणार का’ असा असतो. किनाऱ्यावर ‘या हजारो होड्यांतली वेगळं वागणारी कोणती’ असा. दुसरा प्रश्न जास्त कंटाळवाणा आणि म्हणून जास्त अवघड.

माझ्या मुलीला या खोलीत काम करायचंय. काय शिकावं?

नौसैनिक म्हणून जायचं तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. प्राथमिक प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला होतं. तिथून मुलींचा समावेश असलेली अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या नौसैनिकांची रडार प्लॉटर अशी शाखाच आहे. अधिकारी व्हायचं तर पदवीनंतरचे किंवा बारावीनंतरचे मार्ग आहेत, आणि दिशादर्शन, तोफखाना, पाणबुडीविरोधी युद्ध, संदेशवहन यांचं पुढचं शिक्षण मुख्यतः कोचीला. मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी ‘त्रिंकट’ या गस्ती नौकेच्या कप्तान झाल्या, भारतीय नौदलाच्या लढाऊ जहाजाची धुरा घेणाऱ्या पहिल्या महिला. तेव्हा ‘मुलींना जहाजावर घेतात का’ हा प्रश्न आता सोडून द्यायला हरकत नाही. त्याऐवजी तोंडी गणित आणि कमी शब्दांत नेमकं बोलणं, या दोन गोष्टींचा सराव घरीच सुरू करा.

आमची मासेमारीची होडी आहे. युद्धनौकेला आम्ही दिसतो का?

वेसाव्याहून, वरळीहून आणि भाऊच्या धक्क्यावरून हा प्रश्न येतो. खरं उत्तर: दादा, तुम्हाला वाटतं तितके नाही. लाकूड आणि फायबर रडारच्या लहरी फारशा परतवत नाहीत, आणि समुद्र खवळलेला असला की लाटांचेच ठिपके पडद्यावर इतके उठतात की छोटी होडी त्यांत हरवते. १ ऑगस्टला बंदी उठते आणि नारळी पौर्णिमेनंतर सगळ्या होड्या बाहेर पडतात, तेव्हा मुंबईसमोरचा पडदा ट्रॅकनी भरून जातो आणि त्यातल्या एकेकीची ओळख पटवत पाळी संपते.

म्हणून मास्टवर धातूचा रडार परावर्तक लावा. तो स्वस्त असतो. रात्री नियमाप्रमाणे दिवे चालू ठेवा, जाळं टाकलेलं असताना तर नक्कीच. २० मीटरपेक्षा लांब होडीला एआयएस (होडीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) सक्तीचं आहे; मासळीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून ते बंद करायची सवय जगभर आहे, पण अचानक गायब झालेला ट्रॅक ऑप्स रूममध्ये सगळ्यात आधी संशयित ठरतो. व्हीएचएफ रेडिओ १६ क्रमांकाच्या चॅनेलवर ठेवा आणि कुणी हाक मारली तर उत्तर द्या, मराठीत दिलं तरी चालेल. अडचणीत असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.